ब्रॉडहेड लावला की बाण का भरकटतो? शिकारीच्या बाणाचा तोल आणि ट्यूनिंग

प्रश्न असा आहे. कंपाऊंड धनुष्य, ताण ६० पाउंड, दोरी सोडायला रिलीज (बोटांऐवजी खटक्याचं साधन). बाण कार्बनचे, ४०० स्पाइन (ताठपणाचा आकडा), नॉकच्या (मागे दोरीत अडकणाऱ्या तुकड्याच्या) खाचेपासून शाफ्टच्या (दांड्याच्या) टोकापर्यंत २८ इंच, पुढे १०० ग्रेनचा (सुमारे साडेसहा ग्रॅमचा) पॉइंट. फील्ड पॉइंट (सरावाचं साधं टोक) लावून ३० यार्डांवर बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. त्याच वजनाचे तीन स्थिर पात्यांचे ब्रॉडहेड (शिकारीची धारदार टोकं) लावले की बाण डावीकडे जातात आणि विखुरतातही. पुढचं वजन २०० ग्रेन केलं, म्हणजे एफओसी (बाणाचा तोल मध्यापासून किती पुढे आहे ते) वाढवला, तर सगळे सरळ जातील असा सल्ला मिळालाय. तो मानावा का?

एवढ्यात मानू नका. तुमच्या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. सगळे बाण मिळून डावीकडे जाणं हा बहुतेक वेळा धनुष्याच्या जुळणीचा किंवा हाताच्या पकडीचा दोष. बाण विखुरणं म्हणजे बाण एकमेकांसारखे नाहीत. जड टोक लावून यातलं एकही कारण जात नाही. झाकलं मात्र जातं, आणि शिवाय स्पाइनची तिसरी भानगड मागे लागते.

मग फील्ड पॉइंट का फसवतो? बाण दोरीवरून किंचित तिरका सुटला तरी मागचे व्हेन (शेपटीचे प्लॅस्टिकचे पंख) हवा पकडून त्याला ओळीवर आणतात. फील्ड पॉइंटला हवेत पकडण्यासारखं काही नसतं, त्यामुळे तो गपगुमान मागच्याचं ऐकतो. स्थिर पात्यांचा ब्रॉडहेड लावला की पुढेही पंख आले. बाण तिरका असेल तोवर ती पाती त्याला टोकाच्या दिशेने ओढतात आणि मागचे व्हेन उलट खेचतात. म्हणजे ब्रॉडहेड दोष निर्माण करत नाही, असलेला उघडा पाडतो. यांत्रिक, उघडणाऱ्या पात्यांचे ब्रॉडहेड फील्ड पॉइंटसारखे उडतात म्हणून लोक त्यांच्याकडे वळतात. पण बाण तिरका सुटत असेल तर तो तिरकाच लागतो आणि आत शिरताना ताकद वाया जाते. आधी ट्यूनिंग करा, मग कुठला ब्रॉडहेड वापरायचा ते आवडीने ठरवा.

सुरुवात बाणांपासून करा, धनुष्याला अजून हात लावू नका. एकमेकांशी न जुळणाऱ्या बाणांवर रेस्ट (धनुष्यावर बाण टेकायचा आधार) सरकवत बसलात तर दर फेरीला वेगळं उत्तर मिळेल. प्रत्येक बाणाच्या व्हेनवर मार्करने क्रमांक घाला. फील्ड पॉइंट लावून काही फेऱ्या मारा आणि कुठला क्रमांक कुठे लागला ते लिहून ठेवा. अशा नोंदीत बहुधा दिसतं की सगळा संच वाईट नसतो. दोन-तीन बाण कायम गटाबाहेर पडतात आणि तेही दर वेळी एकाच बाजूला. त्यांना बाजूला काढा. पुढची तपासणी सगळ्यांची करायची आहे, पण या दोन-तिघांची जास्त बारकाईने.

पहिली जागा म्हणजे शाफ्टचं पुढचं टोक. ते अक्षाशी काटकोनात नसेल तर इन्सर्ट (शाफ्टच्या तोंडात चिकटवलेला, पॉइंट धरणारा धातूचा तुकडा) तिरका बसतो आणि ब्रॉडहेडही तिरका बसतो. फील्ड पॉइंट लहान असल्याने हे लक्षात येत नाही. टोक घासायचं साधन साधं असतं: एका बाजूला शाफ्ट टेकवायला दोन आधार, दुसऱ्या बाजूला त्यांच्याशी काटकोनात बसवलेला पॉलिशकागदाचा तुकडा. टोकाच्या कडेला चंदेरी मार्करची शाई लावा, टोक कागदाला अलगद टेकवा आणि शाफ्ट बोटांनी गोल फिरवा. उचलून पाहा. शाई सगळीकडून सारखी गेली असेल तर टोक सरळ आहे. अर्ध्या कडेवर शाई तशीच आणि अर्ध्यावर काळा कार्बन दिसत असेल तर कापणी तिरकी झाली आहे. शाई पूर्ण जाईपर्यंत फिरवत राहा. जोर लावायचा नाही, कागदाला त्याचं काम करू द्यायचं. इन्सर्ट चिकटवल्यावर त्याच्या तोंडालाही शाई लावून हेच करा. ब्रॉडहेड प्रत्यक्षात त्या धातूच्या तोंडावर टेकतो, म्हणून ही दुसरी घासणी जास्त मोलाची आणि नेमकी हीच सगळे विसरतात.

इन्सर्ट बसवण्याआधी शाफ्टची आतली बाजू कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काडी काळी निघते तोवर पुसत राहा, त्या भुकटीवर कुठलंच चिकट धरत नाही. कार्बनला दोन भागांचं इपॉक्सी बरं. तापवून लावायचं चिकट वापरायचंच असेल तर कमी तापमानाचं घ्या आणि आच इन्सर्टला द्या, शाफ्टला नाही. कार्बन तापला की आतली राळ मऊ होते आणि ते नुकसान डोळ्यांना दिसत नाही. शाफ्ट कापायचा झाला तर वेगाने फिरणाऱ्या घर्षणचाकावरच कापा, साध्या करवतीने तंतू फाटतात. तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसात जायची वस्तू नाही.

आता ब्रॉडहेड लावून बाण फिरवून पाहा. दोन रुळांचा स्पिनर असेल तर उत्तम, नसेल तर कठीण लाकडी फळीवर टोक टेकवून बाण उभा धरा आणि भोवऱ्यासारखी गिरकी द्या. नजर पात्यांवर ठेवू नका, ब्रॉडहेड आणि शाफ्ट जिथे मिळतात त्या सांध्यावर ठेवा. तो सांधा जागच्या जागी स्थिर दिसला पाहिजे. तिथे धूसर थरथर दिसली, किंवा शाफ्ट धरलेल्या बोटांना कंप जाणवला, तर बाण डुलतोय. मग तोच ब्रॉडहेड दुसऱ्या बाणावर लावा. थरथर ब्रॉडहेडबरोबर गेली तर तो वाकलेला आहे. बाणापाशीच राहिली तर इन्सर्ट किंवा शाफ्ट दोषी. पाती व्हेनच्या रेषेत आणावीत की नाही यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझ्या मते त्याने काही फरक पडत नाही. सांधा न डुलणं महत्त्वाचं.

शाफ्टचा सरळपणा ±०.००१, ±०.००३, ±०.००६ इंच असा लिहिलेला असतो. शिकारीच्या अंतरावर ०.००३ पुरेसा आहे. महागडा ०.००१ घेऊन टोक तिरकं ठेवणं हा उलटा व्यवहार. वजनाबाबतही तसंच. ग्रेनमध्ये मोजणारा काटा घ्या (एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन) आणि पूर्ण तयार बाण तोला. संचातला फरक पाच ग्रेनच्या आत असेल तर ३० यार्डांवर तो तुमच्या हाताच्या चुकीत हरवून जाईल. त्यापलीकडचे सरावाला ठेवा.

मग नॉक. कार्बनचा शाफ्ट गुंडाळून बनतो, त्यामुळे त्याचा ताठपणा चहूबाजूंनी अगदी एकसारखा नसतो. जास्त ताठ बाजू एका बाणात वर आणि दुसऱ्यात आडवी आली की दोन्ही वेगळे वाकतात. यावर उपाय फुकटचा आहे. गटाबाहेर पडणाऱ्या बाणाचा नॉक एका व्हेनइतका, म्हणजे तीन व्हेन असतील तर १२० अंश, फिरवा आणि पुन्हा मारा. नाही जमलं तर आणखी एकदा फिरवा. ‘खराब’ म्हणून टाकलेले कितीतरी बाण एवढ्यावर शहाणे होतात. तिन्ही जागी भरकटला तर तो शिकारीच्या भात्यात नको. नॉक दोरीवर किती घट्ट बसतो तेही बघा: बाण दोरीला अडकवून खाली लटकवला तर राहिला पाहिजे, आणि दोरीला टिचकी मारली की सुटला पाहिजे.

एवढं झाल्यावर तोलाकडे येऊ.

एफओसी म्हणजे बाणाचा तोलबिंदू त्याच्या मध्यापासून किती टक्के पुढे आहे ते. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या टोकापर्यंत लांबी मोजा, पॉइंट धरायचा नाही. पॉइंट, व्हेन, नॉक सगळं लावलेला बाण एका पातळ धारेवर तोलून तोलबिंदू खाचेपासून किती इंचांवर येतो ते मोजा. त्यातून लांबीचा निम्मा वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा आणि शंभरने गुणा. तुमच्यासारखा बाण घेऊ: शाफ्ट दर इंचाला ९ ग्रेन म्हणजे २५२ ग्रेन, पॉइंट १००, इन्सर्ट १६, व्हेन मिळून १८, नॉक १०. एकूण ३९६ ग्रेन. तोलबिंदू सव्वासतरा इंचांच्या आसपास येतो. १७.२५ वजा १४ म्हणजे ३.२५, भागिले २८, म्हणजे ११.६ टक्के. शिकारीच्या बाणाला साधारण १० ते १५ टक्के ठीक मानतात. तुम्ही आत्ताच त्यात आहात.

याच हिशेबात १२५ ग्रेनचा पॉइंट घातला तर १४ टक्क्यांच्या जवळ जाता. पॉइंट १०० चाच ठेवून १६ ऐवजी ५० ग्रेनचा पितळी इन्सर्ट घातला तरी साडेचौदाच्या आसपास. आणि २०० ग्रेनचा पॉइंट थेट साडेएकोणिसावर नेतो. मागच्या बाजूचं वजनही विसरू नका. साध्या नॉकच्या जागी १० ग्रेन जास्त वजनाचा दिव्याचा नॉक लावला तर तोल सुमारे दीड टक्क्याने मागे येतो. शाफ्टला गुंडाळायचं सजावटीचं रॅपही (चिकट वेष्टन) मागेच वजन घालतं. पुढे वजन वाढवायच्या आधी मागे कशाचं ओझं झालंय ते बघणं स्वस्त पडतं.

तोल पुढे असल्याचा फायदा खरा आहे. व्हेन वस्तुमानकेंद्रापासून जितके लांब, तितका त्यांचा तरफेचा दांडा मोठा, तितका बाण लवकर सावरतो. पण हा फायदा बाण सुटल्यानंतरचा. आधी तो सरळ सुटायला हवा. जास्त एफओसीचा आग्रह धरणारे, बाण शिकारीत किती खोल शिरतो हे तपासणाऱ्या डॉ. एड अ‍ॅशबी यांच्या अभ्यासांचा दाखला देतात. १९ टक्क्यांच्या पुढच्या बाणाला ‘एक्स्ट्रीम एफओसी’ म्हणण्याची प्रथा त्यांच्यामुळेच रूढ झाली. बाण खोल शिरण्याची कारणं त्यांनी महत्त्वाच्या क्रमाने मांडली, त्यात पहिलं स्थान बाणाच्या मजबुतीला आणि दुसरं निर्दोष उड्डाणाला आहे. एफओसी त्यानंतर येतो. सल्ला देणारे तिसरा मुद्दा आधी सांगतात आणि दुसरा गाळतात.

२०० ग्रेनने तिसरी भानगड कशी होते ते आता. ४०० स्पाइन याचा अर्थ असा: २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मधोमध १.९४ पाउंड, म्हणजे ८८० ग्रॅम, टांगले तर तो ०.४०० इंच वाकतो. आकडा लहान तितका शाफ्ट ताठ. हा झाला स्थिर स्पाइन. प्रत्यक्ष सुटताना बाण किती वाकतो हे ताण, लांबी आणि पुढचं वजन मिळून ठरवतात. पुढे वजन वाढवलं की दोरीचा धक्का बसताना टोक जागचं हलायला जास्त वेळ घेतं आणि मधला शाफ्ट जास्त वाकतो, म्हणजे बाण ‘मऊ’ होतो. शाफ्ट लांब ठेवला तरी तेच. तुमच्या ६० पाउंडांवर, २८ इंचांवर, १०० ग्रेनला ४०० योग्य आहे. १२५ला बहुधा चालून जाईल. २०० ला तुम्हाला ३४०, कदाचित ३०० लागेल. आहे त्याच शाफ्टवर २०० लावणं म्हणजे तोल सुधारून उड्डाण बिघडवणं. शिवाय बाण १०० ग्रेनने जड झाला की वेग कमी होतो, खाली पडणं वाढतं आणि अंतराचा अंदाज चुकला तर माफी कमी मिळते. जड बाण शांत सुटतो, खोल जातो, तेही खरं. मात्र हलक्याच्या नादाने ताणाच्या दर पाउंडाला ५ ग्रेनच्या खाली कधीच जाऊ नका, म्हणजे ६० पाउंडांवर ३०० ग्रेन. त्याखाली धनुष्यच तुटायची भीती असते.

बाण एकसारखे झाले, आता धनुष्य. रेस्टला हात लावण्याआधी घासणी तपासा. व्हेनवर आणि रेस्टवर पायाला मारायची पावडर फवारा, एक बाण मारा आणि पावडर कुठे पुसली गेली ते बघा. व्हेनच्या कडेला ओरखडा दिसला तर नॉक थोडा फिरवा किंवा खाली पडणाऱ्या रेस्टची वेळ सुधारा. घासणारा व्हेन घेऊन केलेलं बाकीचं सगळं ट्यूनिंग वाया.

मग कागद. चौकटीला कागद ताणून लावा, मागे भक्कम लक्ष्य ठेवा, साधारण दोन मीटरवरून मारा. व्हेन नसलेला शाफ्ट वापरलात तर कागद जास्त खरं बोलतो, पण त्या शाफ्टवर ब्रॉडहेड कधीही लावू नका. टोकाचं गोल भोक आणि शेपटीची फाट यांची जागा बघायची. शेपटी वर फाटली तर नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक अडकवायची जागा) खाली घ्या किंवा रेस्ट वर करा, खाली फाटली तर उलट. उभा दोष आधी मिटवा, आडवा नंतर. रेस्ट हलवूनही उभी फाट जात नसेल तर दोन्ही कॅम (धनुष्याच्या टोकांची चाकं) एकाच वेळी थांबतात का ते पाहा.

आडव्या फाटेची कोष्टकं बरीच फिरतात. ती पाठ करण्यापेक्षा रेस्ट किंचित एका बाजूला सरकवा, फाट वाढली तर दुसऱ्या बाजूला या. पण त्याआधी पकड तपासा. मूठ आवळून धरलेली असेल तर रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग) पिळला जातो आणि फाट आडवी येते. दोरी गालावर किंवा जाड कपड्यावर दाबली तरी तसंच. अंगठ्याच्या मुळाशी धनुष्य टेकवा, बोटं सैल सोडा आणि पुन्हा मारा. रेस्ट मध्यरेषेपासून फार दूर गेल्याशिवाय फाट जात नसेल तर दोष बहुधा कॅमच्या कलण्यात किंवा तुमच्या हातात आहे.

कागद साफ झाला म्हणजे काम संपलं असं नाही, दोन मीटरवर सगळं दिसत नाही. शेवटची परीक्षा ब्रॉडहेडची. २० यार्डांवर एक फील्ड पॉइंटचा आणि एक ब्रॉडहेडचा बाण मारा, मग ३०, मग ४०. एकाच ठिपक्यावर दोन ब्रॉडहेड मारू नका, व्हेन कापले जातात. ब्रॉडहेडचे बाण ज्या दिशेला यायला हवेत त्या दिशेला रेस्ट सरकवा. तुमचे डावीकडे जातात, तर रेस्ट उजवीकडे. खाली जात असतील तर रेस्ट वर. एका वेळी इंचाचा बत्तिसावा भाग, म्हणजे जेमतेम पाऊण मिलिमीटर, आणि दर बदलानंतर निदान दोन-तीन बाण. या काळात साइटला (नेम धरायच्या साधनाला) हात लावायचा नाही. दोन्ही प्रकारचे बाण एका जागी आले की मगच साइट हलवून ती जागा केंद्रावर आणा. लोक नेमकं उलट करतात: ब्रॉडहेड डावीकडे गेले की साइट सरकवतात आणि बाण आयुष्यभर तिरका उडत राहतो.

रेस्टची जागा निर्दोष होऊनही ब्रॉडहेड ४० यार्डांवर विखुरत असतील तर व्हेन कमी पडताहेत. मोठ्या पात्यांना मागे जास्त पकड लागते. दोन इंची बुटक्या व्हेनऐवजी उंच व्हेन घ्या किंवा तीनऐवजी चार लावा. मुख्य म्हणजे ते सरळ न चिकटवता दोन-तीन अंश कललेले किंवा हेलिकल (मळसूत्रासारखे वळवलेले) लावा, म्हणजे बाण लवकर फिरू लागतो. पिसं प्लॅस्टिकपेक्षा हलकी असतात आणि चटकन सावरतात, पण भिजली की निकामी.

बोटांनी दोरी सोडणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. दोरी बोटांवरून बाजूला घसरत सुटते, त्यामुळे बाण आडवा वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून जातो. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने अतिवेगवान चित्रीकरणात हे वाकणं दाखवलं होतं. असं सोडताना स्पाइनची चूक रिलीजने सोडण्यापेक्षा जास्त महागात पडते. व्हेन नसलेला शाफ्ट आणि व्हेनवाला बाण सोबत मारा. उजव्या हाताच्या तिरंदाजाचा उघडा शाफ्ट डावीकडे लागला तर बाण ताठ आहे, उजवीकडे लागला तर मऊ. उघडा शाफ्ट खाली लागला तर नॉकिंग पॉइंट वर बसलाय, वर लागला तर खाली. इथे पॉइंटचं वजन बदलणं हे खरोखरच ट्यूनिंगचं हत्यार आहे: ताठ बाणाला जड टोक, मऊ बाणाला हलकं.

कार्बनचा बाण कशावर आपटला असेल तर पुन्हा मारण्याआधी कानाजवळ धरून वाकवा आणि पिळा. करकर ऐकू आली किंवा बोटाला चीर लागली तर मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटतानाच फुटून हातात घुसतो.

हे सगळं होऊनही तुम्हाला २०० ग्रेनच हवं असेल, जड हाडाच्या मोठ्या जनावरासाठी तसं वाटणं रास्त आहे, तर आधी ३४० आणि ३०० स्पाइनचा एकेक शाफ्ट मागवा. दोन्ही पूर्ण लांबीचे ठेवून २०० ग्रेनवर उघडे मारून पाहा. मऊ वाटला तर अर्धा अर्धा इंच कापत जा, सुरुवातीपासून ताठ असेल तर तो सोडून द्या. ज्यावर कागद साफ येतो त्याचाच संच घ्या आणि टोकं घासण्यापासून पुन्हा सुरुवात करा. १२५ वर समाधान होत असेल तर आत्ताच्या शाफ्टवर आधी तेच लावून बघा.